इसब, गाजरगवत आणि स्पर्शाचा प्रश्न

इसब हा शब्द आमच्या वस्तीत कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. ज्याला झाला असेल तो बाह्या खाली ओढून घेई. बाई असेल तर पदर मानेभोवती गच्च लपेटून घेई. ह्याचे कारण साधे होते. आमच्याकडे इसब, खरूज, नायटा, कोड आणि महारोग ही एकाच भीतीची पाच नावे होती. कातडीवर काही उठले की माणूस 'विटाळला', मग तो कशाने विटाळला हे कोणी विचारीत नसे. ज्या समाजाला गावाने हजारो वर्षे दूर ठेवले त्याच समाजाने आपल्यातल्या आजाऱ्याला दूर ठेवावे, ह्यासारखी दुःखद गोष्ट नाही. पण ती घडत होती, आणि वाड्या-वस्त्यांवर आजही घडते आहे. म्हणून ह्या रोगाचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे. तो केवळ वैद्यकाचा इतिहास नाही. कोणी कशाला हात लावायचा आणि कोणी लावायचा नाही, हे ज्या व्यवस्थेने ठरविले त्या व्यवस्थेच्या इतिहासाचेच ते एक पान आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. आयुर्वेदात इसबाला जवळचा म्हणून जो रोग सांगतात तो 'विचर्चिका'. खाज, काळपट पुटकुळ्या आणि पुष्कळ स्राव अशी त्याची लक्षणे चरकसंहितेत दिली आहेत आणि ती नेमकी आहेत. ज्याने ती लिहिली त्याने रोगी डोळ्यांनी पाहिले होते ह्याबद्दल शंका नको. पण ही विचर्चिका अठरा कुष्ठांच्या यादीत बसविलेली आहे, आणि कुष्ठांची कारणे सांगताना विरुद्ध आहार, अजीर्णावर जेवण ह्यांच्याच ओळीत ब्राह्मणांचा व गुरूंचा अवमान आणि पापकर्म हीही कारणे दिली आहेत. म्हणजे वैद्य नाडी पाहता पाहता मध्येच न्यायाधीश होतो. मनुस्मृती तर ह्याच्याही पुढे जाते. तिच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाला पुढल्या जन्मी कोणती शारीरिक खूण, ह्याची यादीच आहे. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्राह्मणाचा वध करणाऱ्याला क्षय होतो, आणि गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याच्या वाट्याला कातडीचा रोग येतो.

ह्या यादीचा परिणाम काय झाला? ज्याच्या अंगावर रोग दिसला त्याच्यावर गुन्हा शाबीत झाला. त्याला साक्षीदार लागला नाही, पुरावा लागला नाही. त्याची कातडी हाच पुरावा. जातीची व्यवस्था नेमकी ह्याच तर्काने चालते हे वेगळे सांगायला नको. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा त्या आगीत ही यादीही गेली असे आपण मानतो. पण ग्रंथ जळाला तरी समजूत जळत नाही. 'रक्त बिघडलंय', 'मागच्या जन्माचं देणं', 'इसब बरा केला तर दमा होतो, तो आत जातो' ही वाक्ये मी शिकलेल्या, खुर्चीवर बसलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकली आहेत.

ही समजूत एकट्या भारताची नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. युरोपातही शतकानुशतके शरीरातले दोषयुक्त रस कातडीवाटे बाहेर पडतात, आणि त्यांना कोंडले तर ते आतल्या इंद्रियांवर उलटतात, असे मानत. एक्झिमा हा ग्रीक शब्दच मुळी 'उकळून वर येणे' ह्या अर्थाचा आहे. फरक इतकाच की तेथे ही समजूत मोडण्याचे काम दवाखान्यात झाले आणि ते रोग्याकडे, त्याच्या हातांकडे, त्याच्या धंद्याकडे पाहून झाले.

ह्या परंपरेतले पहिले मोठे नाव इटलीच्या बर्नार्दिनो रामात्सिनीचे. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे असतात त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? हा प्रश्न विचारण्यासाठी रामात्सिनी संडास उपसणाऱ्यांपाशी गेला, कातडी कमावणाऱ्यांपाशी गेला, कपडे धुणाऱ्या बायकांपाशी गेला. आपल्याकडे ह्या माणसांपाशी जाणे म्हणजे विटाळ. त्यांच्या हातांना काय झाले आहे हे बघणारा वैद्य जवळ येणार कोठून? अस्पृश्यतेने विद्या नाकारली, पाणी नाकारले, हे आपण बोलतो. तिने तपासणीही नाकारली, हे फारसे बोलत नाही.

पुढे लंडनमध्ये रॉबर्ट विलन ह्या डॉक्टरने १८०८ साली कातडीच्या रोगांचे वर्गीकरण केले. त्याच्या पंथातल्या डॉक्टरांनी इसबाचे वर्णन करताना साखर हाताळणाऱ्या किराणा दुकानदारांची आणि चुना कालवणाऱ्या गवंड्यांची खाज नोंदविली. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात फर्डिनांड हेब्रा ह्याच्याकडे ज्या वॉर्डाचे काम आले तो वॉर्ड खरजेच्या रोग्यांनी भरलेला होता; हे रोगी म्हणजे शहरातले गरीब. खरूज ही दूषित रसाने होत नाही, एका बारीक किड्याने होते, हे १८४४ साली त्याने ठामपणे मांडले. जमालगोट्याच्या तेलाने निरोगी कातडीवर इसब उठविता येतो, हेही त्याने दाखविले. रक्त नाही, पाप नाही. बाहेरून काहीतरी लागते आणि कातडी पेटते. १८९५ साली योसेफ यादासोन ह्याने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. संशयित पदार्थ थोडासा कातडीवर पट्टीखाली ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांनी पाहायचे. जागा लाल होऊन उठली, तर ह्या माणसाला हाच पदार्थ सोसत नाही हे सिद्ध झाले. ही पट्टी-चाचणी आजही होते. माझ्या मते आरोप माणसावरून काढून वस्तूवर ठेवणारी ही चाचणी आहे, आणि म्हणून ती आपल्या दृष्टीने नुसती वैद्यकीय घटना नाही.

आता आपल्या मातीतली गोष्ट.

१९५६ साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात पुण्यात आढळलेल्या एका नव्या तणाची नोंद छापून आली. अमेरिका खंडातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. गाजराच्या पाल्यासारखी पाने म्हणून लोकांनी तिला गाजरगवत म्हटले. पांढरी फुले पाहून कोणी चटकचांदणी म्हणाले, आणि टोपीची आठवण होऊन म्हणा किंवा ज्यांच्या राज्यात ते पसरले त्यांची आठवण होऊन म्हणा, काँग्रेस गवत हेही नाव पडले. ते अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आले, असे सर्रास सांगितले जाते. आमच्या गावातली म्हातारी माणसे तर ते १९७२ च्या दुष्काळातल्या मिलोबरोबर आले असे शपथेवर सांगत. १९७२ ची गोष्ट खरी नाही, कारण नोंद सोळा वर्षे आधीची आहे. पीएल-४८० चा कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला आणि भारताशी त्याखालचा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. म्हणजे त्या गव्हाचाही हिशेब जुळवायला अवघडच. शिवाय ह्या वनस्पतीचे भारतातले एकोणिसाव्या शतकातले वाळवून ठेवलेले नमुनेही पुढे संशोधकांनी दाखवून दिले आहेत. तेव्हा ते नेमके कोणत्या पोत्यातून आले ह्याबद्दल छाती ठोकून बोलू नये. पण लोकांची आठवण अगदीच पोकळ नाही. भुकेच्या वर्षांत परक्या देशाचे धान्य, रस्त्याची आणि तलावाची कामे, उकरलेली माती आणि त्या मातीवर वाढलेले हे गवत, हे सगळे त्यांनी एकाच काळात पाहिले. इतिहासकाराने तारीख दुरुस्त करावी. अनुभव खोडू नये.

हे गवत वाढते कसे, हे ज्यांनी खुरपले आहे त्यांना सांगायला नको. एकेक झाड हजारोंनी बी टाकते, पाऊस मिळाला की वर्षातून अनेकदा उगवते, पडीक रान, रेल्वेचा रूळ, गटाराचा काठ, काही म्हणून सोडीत नाही. जनावर ते खात नाही. त्याच्या पानांवर आणि देठांवर जी बारीक लव असते तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत वाळले तरी हे द्रव्य जात नाही. वाळक्या पानांचा भुगा धुळीत मिसळतो आणि वाऱ्याबरोबर तोंडावर, मानेवर, पापण्यांवर बसतो.

१९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅलनन ह्या संशोधकांनी गाजरगवताच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचे क्षेत्र होते पुणे. मोठ्या वयाची माणसे, बहुतेक शेताशी किंवा उघड्या जागेशी संबंध असलेली. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची आतली बाजू येथे कातडी लाल होऊन पाझरते, मग जाड, काळी, चामड्यासारखी होते. आधी पावसाळ्यात, गवत जोमात असताना. पुढे पुढे बारा महिने. काहींना नंतर ऊनसुद्धा सोसेनासे होते. ज्याचे पोट उन्हात काम करण्यावर आहे त्याला ऊन सोसेनासे होणे म्हणजे काय, हे त्या निबंधात लिहिलेले असण्याचे कारण नाही. ते आपण लिहायचे आहे.

माझ्या आईला हे झाले तेव्हा मी शाळेत होतो. ती मराठवाड्यातल्या आमच्या गावात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात असे. तिच्या पापण्या सुजल्या, मान काळी पडली. आधी करंजाचे तेल झाले, मग अंगारा झाला, मग शेजारणींनी पाण्याच्या हंड्यापासून तिला बाजूला व्हायला सांगितले. महारोग असेल म्हणाल्या. शेवटी आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. तेथल्या तरुण डॉक्टरने तिची मान पाहिली आणि विचारले, "बाई, काम काय करता?" रामात्सिनीचे नाव मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळले, पण तो प्रश्न मी त्या दिवशी ऐकला. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने मलम दिले आणि सांगितले, "त्या गवताला अजिबात स्पर्श करायचा नाही." आई म्हणाली, "मालक म्हनतो समदं गवत उपटा, तुमी म्हनता हात लावू नका. मी कुनाचं ऐकू, सायेब?"

ह्या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. आणि तिचा दुसरा प्रश्न असा होता: "वीस वरसं तेच गवत उपटते, आत्ताच कसं?" ह्याला मात्र उत्तर आहे आणि ते कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. ह्या प्रकारचा इसब पहिल्या स्पर्शाला होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा तो पदार्थ ओळखायला शिकते. कोणात महिन्यांत, कोणात वर्षांनी. एकदा ओळख पटली की मग कणभर धूळही पुरते. म्हणून हा मोठ्या वयात होतो आणि म्हणून तो जितका जास्त राबला तितका त्याला धोका जास्त. ज्याला लहानपणापासून इसब आणि दमा आहे त्याचा प्रकार वेगळा. त्यातल्या बऱ्याच जणांची कातडी जन्मतःच कमकुवत असते, आणि त्याला जबाबदार असलेला एक जनुकीय दोष २००६ साली सापडला. दोन्हींत पापाचा संबंध नाही आणि दोन्ही एकमेकांना लागत नाहीत.

येथे एक गोष्ट मला खटकते. गाजरगवताच्या इसबावरच्या भारतातल्या अभ्यासांत पुरुष रोग्यांची संख्या बायकांच्या मानाने फार मोठी दिसते. ह्याची वैद्यकीय कारणे असतील. बायकांचे अंग अधिक झाकलेले असते, असेही म्हणतात. पण खुरपणी कोण करते? वाकून, तोंड गवताच्या उंचीला आणून, दिवसभर? रुग्णालयाच्या नोंदवहीत जो आकडा येतो तो रोगाचा आकडा असतो की रुग्णालयापर्यंत पोचू शकणाऱ्यांचा? मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे काढून, मुलाला बरोबर घेऊन जी बाई जिल्ह्याला गेली नाही ती कोणत्या तक्त्यात मोजली गेली? दलित स्त्रीच्या कातडीचा इतिहास लिहायचा तर ह्या रिकाम्या रकान्यापासून सुरुवात करावी लागेल.

आता कायद्याचे बघा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत, रसायने आणि रंग ह्यांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह होता. पण शेत म्हणजे कारखाना नव्हे आणि गाजरगवत हे कोणी मालकाने आणलेले रसायन नव्हे. म्हणून खुरपणाऱ्या बाईचा इसब हा तिचा खाजगी आजार ठरला. बांधकाम मजुराचे तरी काय? सिमेंटमधल्या क्रोमेटमुळे गवंड्यांना इसब होतो हे १९५० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखविले. डेन्मार्कने १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला सुरुवात केली, त्याने ते क्रोमेट निष्प्रभ होते. तेथल्या मजुरांतला हा रोग त्यानंतर उतरला. युरोपीय संघाने २००५ पासून त्याची मर्यादा ठरवून दिली, दहा लाखांत दोन भाग. म्हणजे तेथे मजुराला 'सिमेंटला हात लावू नकोस' असे सांगून थांबले नाहीत, सिमेंट बदलले. रोगाचा इलाज मलमात असतो तसा कारखान्यातही असतो, हे ह्यावरून शिकायचे. आमच्याकडे नाक्यावर पहाटे उभ्या राहणाऱ्या मजुराला हातमोजे विकत घ्यायचे तर स्वतःच्या मजुरीतून घ्यावे लागतात.

गाजरगवताविरुद्ध आपल्या सरकारांनी काही केलेच नाही असे नाही. १९८० नंतर मेक्सिकोहून भुंगे आणून बेंगळूरला सोडले गेले. ते हे गवत खातात, पावसाळ्यात चांगले काम करतात, उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतात. बाकी निर्मूलनाचे सप्ताह होतात. ह्या सप्ताहांबद्दल मला बोलायचे आहे, कारण आम्ही महाविद्यालयातले लोकच ते करतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुले रांगेत उभी करायची, उघड्या हातांनी गवत उपटायला लावायची आणि फोटो काढायचा. फोटोसाठी पुढे कोण असते आणि दिवसभर गवतात कोण असते हे मी अनेक शिबिरांत पाहिले आहे. वाचकांना ते सांगायची गरज नाही. गवत उपटायचे तर फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हात झाकून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. काम संपल्यावर अंग धुऊन कपडे वेगळे धुवायचे. वाळलेल्या गवताचे ढीग घराजवळ रचायचे नाहीत. ज्याला आधीच इसब आहे त्या मुलाला त्या रांगेत उभे करायचे नाही.

वस्तीत काम करणाऱ्यांनी आणखी थोडे जाणून असावे. खरूज बोटांच्या बेचक्यांत असते, रात्री जास्त खाजते, घरातल्या सर्वांना होते; तिचे औषध सर्वांनी एकाच वेळी घ्यायचे. नायटा गोल कडेने पसरतो, तो बुरशीचा. इसब ह्या दोन्हींहून निराळा आणि तो कोणाला लागत नाही. एका हंड्याचे पाणी प्या, एका ताटात जेवा. इसब असलेल्याने कडक साबण सोडावा, अंघोळीचे पाणी फार गरम नसावे, अंग ओले असतानाच व्हॅसलिन किंवा खोबरेल लावावे आणि दिवसातून अनेकदा लावावे. स्टेरॉइडचे मलम १९५२ पासून कातडीच्या रोगांत वापरात आले आणि ते खरोखर गुणकारी आहे. पण डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपुरते, सांगितलेल्या जागी. आपल्याकडे घडते ते उलटेच. औषधाच्या दुकानात जाऊन 'खाजेचे मलम द्या' म्हटले की स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध एकत्र कालवलेली नळी हातात पडते. ती नायट्याला लावली की आठ दिवस बरे वाटते, मग नायटा अंगभर पसरतो. तोंडाला लावली की कातडी पातळ होऊन लालभडक होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली. कागदावर. तालुक्याच्या गावात चिठ्ठी कोणी मागत नाही, आणि मागितली तरी चिठ्ठी लिहिणारा त्वचेचा डॉक्टर साठ-सत्तर किलोमीटरवर असतो. गाजरगवताचा इसब फार वाढला तर पोटात घ्यायची प्रभावी औषधेही आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अझाथायोप्रिनवर ह्या रोगासाठी बरेच काम झाले. पण ती घेताना रक्त वरचेवर तपासावे लागते. म्हणजे पुन्हा एस.टी.चे भाडे, पुन्हा बुडालेली मजुरी.

गेल्या वर्षी आमच्या शिबिराला मी हट्टाने हातमोजे मागविले. कार्यालयाने आधी 'ह्या शीर्षाखाली तरतूद नाही' असा शेरा मारला. मग प्राध्यापकांनी वर्गणी काढली. मुलांना वाटून एक जोडी उरली ती मी गावी आईसाठी नेली. तिचा इसब आता पुष्कळ आटोक्यात आहे. मान मात्र काळी राहिली ती राहिली. तिने मोजे हातात घातले, बांधावर वाकून एक झाड धरून पाहिले आणि मोजे काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, "ह्यानं मूळ हातात गावत न्हाई. वरचं तुटतं, खालचं तसंच ऱ्हातं."